लघुतम वृक्षाचा पुनःपुन्हा लागलेला शोध

मोराव्हियातील बर्नो येथील गणितज्ञ ओटाकर बोरूव्का (१८९९–१९९५) यांनी १९२६ साली चेक भाषेत एकाच विषयावर दोन लेख प्रसिद्ध केले. पहिला मोराव्हियाच्या निसर्गविज्ञान मंडळाच्या प्रकाशनमालेत आला. दुसरा, अगदी आटोपशीर असा, विद्युत्‌तंत्राला वाहिलेल्या एका नियतकालिकात आला. विषय त्यांना ग्रंथांतून मिळालेला नव्हता. त्या काळी मोराव्हियात गावोगाव वीज नेण्याचे काम चालू होते, आणि पश्चिम मोराव्हियाच्या वीज कंपनीत काम करणारे त्यांचे स्नेही यिंद्रिख साक्सेल यांनी त्यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण मांडली होती. अनेक गावे आहेत. कोणत्याही दोन गावांमध्ये वाहिनी टाकावयाची झाल्यास किती खर्च येईल हे ठाऊक आहे. सर्व गावे एकमेकांशी, प्रत्यक्ष किंवा अन्य गावांमार्फत, जोडली जावीत आणि एकूण खर्च कमीत कमी यावा, यासाठी कोणकोणत्या वाहिन्या टाकाव्यात?

हा प्रश्न आज संगणनशास्त्राच्या प्रत्येक प्राथमिक पाठ्यपुस्तकात आढळतो. परंतु त्याचे उत्तर १९२६ पासून पुढील साडेतीन दशकांत निरनिराळ्या देशांतील, परस्परांस अपरिचित अशा अभ्यासकांनी पुनःपुन्हा शोधून काढले. असे का घडले, याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करण्याजोगा आहे. कारण येथे शोध हरवला तो केवळ परक्या भाषेमुळे हरवला, हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण पुरेसे नाही.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. जोडण्यांचे जे जाळे सर्वांत स्वस्त असेल त्यात कोठेही फेरा असू शकत नाही, हे उघड आहे. एका गावाहून निघून, गेलेल्या वाटेने न परतता, पुन्हा त्याच गावी येता येत असेल, तर त्या फेऱ्यातील एखादी वाहिनी काढून टाकली तरी सर्व गावे जोडलेलीच राहतात आणि खर्च वाचतो. सर्व बिंदूंना जोडणाऱ्या पण फेरा नसलेल्या अशा रचनेला गणितात ‘वृक्ष’ म्हणतात. गावे न असतील, तर वृक्षात जोडण्या नेमक्या न वजा १ असतात. विद्युत्‌मंडलांचा विचार करताना किर्खहोफ यांनी १८४७ मध्ये ही रचना उपयोगात आणली होती. तिला वृक्ष हे नाव मिळाले ते केली यांच्या १८५७ च्या लेखात. दिलेले बिंदू किती निरनिराळ्या वृक्षांनी जोडता येतात, याचे सूत्रही केली यांच्याच नावाने (१८८९) ओळखले जाते, जरी बोर्खार्ट यांनी ते १८६० मध्येच गाठले होते. शोधाला भलत्याच कोणाचे नाव चिकटण्याची परंपरा या विषयात अशी आरंभापासूनच आहे. सूत्र असे : न बिंदूंसाठी वृक्षांची संख्या म्हणजे न चा (न वजा २) वा घात. पाच गावांसाठी ती १२५ येते, दहा गावांसाठी दहा कोटी. बोरूव्का यांनी आपल्या दुसऱ्या लेखात उदाहरणादाखल ४० गावे घेतली आहेत. त्यांच्यासाठी ही संख्या ४० चा ३८ वा घात, म्हणजे ६१ अंकी होते. तेव्हा सर्व वृक्ष मांडून त्यांतून सर्वांत स्वस्त निवडणे हा मार्ग माणसाला बंद आहे, आणि आजच्या कोणत्याही यंत्रालाही तो बंदच आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. श्लायखर यांनी १८५३ च्या सुमारास भाषाकुलांसाठी जो वृक्ष रेखाटला, किंवा १९५७ नंतर वाक्यविन्यासाच्या चर्चेत जो वृक्ष फळ्यावर काढला जाऊ लागला, त्याला मूळ असते. त्यात वर कोण, खाली कोण, आधी कोण, नंतर कोण याला अर्थ असतो. बोरूव्का यांच्या वृक्षाला मूळ नाही. त्यातील कोणतेही गाव हातात धरून उचलले तर बाकीची त्याखाली लोंबू लागतील, आणि दुसरे उचलले तर दुसऱ्या रीतीने. दोन्ही रचनांना एकच नाव असल्यामुळे पुढे काही घोटाळे झाले. त्यांचा उल्लेख योग्य स्थळी येईल.

आता रीत पाहू. क, ख, ग, घ, च अशी पाच गावे घ्यावीत आणि त्यांतील जोडण्यांचे खर्च पुढीलप्रमाणे समजावेत : घ–च २, क–ख ३, क–ग ४, ख–ग ५, ग–च ६, ग–घ ७, ख–घ ८, ख–च ९, क–घ १०, क–च ११. बोरूव्का यांची रीत अशी की, प्रत्येक गावाने स्वतःची सर्वांत स्वस्त जोडणी निवडावी. क ने ख निवडले, ख ने क, ग ने क, घ ने च आणि च ने घ. एवढ्याने क, ख, ग यांचा एक गट झाला व घ, च यांचा दुसरा. आता प्रत्येक गटालाच एक गाव मानून तीच कृती पुन्हा करावयाची. दोन गटांमधील सर्वांत स्वस्त जोडणी ग–च (६) ही होय. दोन फेऱ्यांत काम संपले. एकूण खर्च २ + ३ + ४ + ६, म्हणजे १५. प्रत्येक फेरीत गटांची संख्या निम्मी किंवा त्याहून कमी होत असल्यामुळे ४० गावांनाही पाचांहून अधिक फेऱ्या लागत नाहीत. ६१ अंकी संख्येतील निवड पाच फेऱ्यांवर येते, ही गोष्ट प्रथम वाचणाऱ्यास संशयास्पद वाटल्यास नवल नाही.

प्राग येथील गणितज्ञ व्होयतेख यार्नीक यांनी बोरूव्का यांचा लेख वाचून त्यांना पत्र लिहिले, आणि ते पत्र १९३० मध्ये त्याच मंडळाच्या प्रकाशनमालेत, त्याच शीर्षकाखाली छापले गेले. त्यांची रीत निराळी आहे. कोणत्याही एका गावापासून आरंभ करावा, आणि जोडल्या गेलेल्या गावांच्या समूहातून बाहेर जाणारी जी सर्वांत स्वस्त जोडणी असेल ती घेत जावी. वरील उदाहरणात क पासून निघाल्यास क्रमाने ३, ४, ६ आणि २ या जोडण्या मिळतात. तिसरी रीत जोसेफ क्रस्कल यांनी १९५६ मध्ये मांडली. सर्व जोडण्या खर्चाच्या चढत्या क्रमाने लावाव्यात व एकेक घेत जावी. जी घेतल्याने फेरा होईल ती तेवढी सोडावी. २, ३, ४ घेतल्यावर ५ सोडावी लागते, कारण क, ख, ग आधीच जोडलेली आहेत. मग ६ घेतली की वृक्ष पूर्ण होतो.

तिन्ही रीतींत एक विलक्षण समानता आहे. प्रत्येक पायरीवर जे समोर स्वस्त दिसेल ते घ्यावयाचे आणि घेतलेले पुन्हा कधी टाकावयाचे नाही. व्यवहारात अशी अदूरदृष्टी बहुधा महागात पडते. येथे ती पडत नाही, याला सबळ कारण आहे. गावांचा कोणताही एक समूह घ्यावा. त्या समूहातून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांपैकी सर्वांत स्वस्त जी असेल, तिला ‘ज’ म्हणू. लघुतम वृक्षात ज नाही असे घटकाभर समजू. वृक्षात ती घातली तर एक फेरा तयार होईल. ज मुळे हा फेरा समूहाच्या बाहेर गेला आहे, तेव्हा तो परत आत येण्यासाठी त्यात समूहाची सीमा ओलांडणारी आणखी एक जोडणी असलीच पाहिजे, आणि ती ज हून महाग असणार. ती काढून टाकली की सर्व गावे जोडलेलीच राहतात व खर्च पहिल्यापेक्षा कमी होतो. पण पहिला वृक्ष तर लघुतम होता! अर्थात ज त्यात असलीच पाहिजे. या एका अदलाबदलीच्या युक्तिवादातून तिन्ही रीती सिद्ध होतात. त्यांच्यात फरक उरतो तो कोणता समूह केव्हा विचारात घ्यावयाचा एवढाच. बोरूव्का यांनी सर्व खर्च परस्परांहून भिन्न असावेत अशी अट घातली होती, आणि ती त्यांच्या रीतीला आवश्यक आहे. तीन गावे एकमेकांपासून समान अंतरावर असतील आणि प्रत्येकाने निराळा शेजारी निवडला, तर फेरा होईल. समान खर्चांमध्ये आगाऊ एखादा क्रम ठरवून दिला की ही अडचण दूर होते.

सिद्धता इतकी सोपी असूनही बोरूव्का यांचा मूळ गणिती लेख दुर्बोध मानला गेला, आणि त्याचे कारण चेक भाषा हे नव्हे. त्या लेखात गावे नाहीत, जाळे नाही, वृक्षही नाही. आहे तो संख्यांचा चौकोनी तक्ता, आणि त्यातून काही संख्यांचा संच अशा तऱ्हेने निवडावयाचा की कोणत्याही दोन निर्देशांकांमध्ये त्या संचातील संख्यांची साखळी तयार व्हावी आणि संचाची बेरीज लघुतम व्हावी. ‘सर्व बिंदू जोडलेले’ एवढे म्हणावयास त्यांना निर्देशांकांची लांबलचक मालिका लिहावी लागली. केली यांनी वृक्ष हा शब्द रूढ करून सत्तर वर्षे होत आली होती, तरी तो शब्द अजून पदार्थगणनेच्या प्रांतातच वावरत होता. कमीत कमी खर्चाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध जुळलेला नव्हता. आलेख सिद्धान्तावरील पहिले स्वतंत्र पुस्तक, केनिग यांचे, १९३६ साली निघाले. बोरूव्का यांच्या हाती विचार होता, परंतु त्याला सामावून घेणारी परिभाषा नव्हती. विद्युत्‌तंत्राच्या नियतकालिकातील त्यांचा दुसरा लेख मात्र साध्या भाषेत आहे आणि आजही सहज समजतो. ज्या लेखात त्यांना पांडित्याची भाषा बाजूस ठेवता आली, तोच अधिक स्वच्छ उतरला.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३८ मध्ये गुस्ताव शोके यांनी रस्त्यांच्या जाळ्यांच्या संदर्भात फ्रेंच भाषेत हाच निष्कर्ष मांडला. १९५१ मध्ये पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे फ्लोरेक, वुकाशेविच, पेर्काल, श्टाइनहाउस व झुब्झित्स्की या पाच जणांनी, तोही फ्रेंचमध्येच, पुन्हा तेथवर मजल मारली. त्यांचा रोख नमुन्यांचे साम्यानुसार वर्गीकरण करण्याकडे होता आणि त्यांनी या रचनेला वृक्ष न म्हणता ‘डेन्ड्राइट’ म्हटले. साठीच्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये सोलँ यांनी बोरूव्का यांचीच रीत नव्याने दिली, आणि कित्येक पाठ्यपुस्तकांत ती पुढे दीर्घकाळ सोलँ यांच्या नावावर राहिली. यार्नीक यांची रीत १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट प्रिम यांनी आणि १९५९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी स्वतंत्रपणे शोधली. आज ती बहुतेक ठिकाणी प्रिम यांची म्हणून शिकविली जाते.

१९५६ ते १९५९ या अल्पावधीत इतकी गर्दी व्हावी याचे कारण गणिताबाहेरचे आहे. संगणकयंत्रे तयार होऊ लागली होती. लोबरमन व वाइनबर्गर यांनी १९५७ मध्ये हा प्रश्न हाताळला तो कमीत कमी लांबीच्या तारेने यंत्रातील अग्रे कशी जोडावीत यासाठी. डाइक्स्ट्रा यांनाही एका नव्या यंत्राच्या फलकामागील तांब्याची तार वाचवावयाची होती. बोरूव्का यांच्या गावांची जागा आता तारेच्या टोकांनी घेतली. डाइक्स्ट्रा यांच्या तीन पानी लेखात आणखी एक नवा दृष्टिकोन दिसतो. क्रस्कल यांच्या रीतीत सर्व जोडण्या आधी क्रमाने लावाव्या लागतात, म्हणजे त्या सर्वांची नोंद यंत्राच्या स्मृतीत एकाच वेळी हवी. ४० बिंदूंना अशा ७८० नोंदी होतात. डाइक्स्ट्रा यांच्या रीतीत एका वेळी बिंदूंच्या संख्येहून अधिक जोडण्यांची नोंद ठेवण्याचे कारण नाही. उत्तर तेच असताना ते मिळविण्यासाठी किती जागा व किती कृती लागतात, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो याची जाणीव येथे स्पष्ट आहे. बोरूव्का व यार्नीक यांच्या लेखनात ती नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते.

क्रस्कल यांची हकीकत निराळी आहे. ते प्रिन्स्टन येथे होते, आणि बहुधा १९५४ मध्ये तेथे कोणीतरी त्यांच्या हाती पातळ कागदाची, टंकलिखित मजकुराची दोन पाने ठेवली. ही पाने गणित विभागात हातोहात फिरत होती. मजकूर जर्मन भाषेत होता, आणि तो बोरूव्का यांच्या १९२६ च्या लेखाचा सारांश असल्याचे शेवटी नमूद केलेले होते. तो कोणी टंकलिखित केला व कशासाठी, हे क्रस्कल यांना अखेरपर्यंत कळले नाही. त्यांना तो प्रथम नीट उमगलाही नाही. पण त्यातूनच त्यांचा १९५६ चा लेख निर्माण झाला. त्यात त्यांनी बोरूव्का यांचा उल्लेख प्रामाणिकपणे केला आहे, आणि मूळ रचना व सिद्धता अकारण किचकट आहेत असा शेराही मारला आहे.

या हकीकतीमुळे ‘चेकमध्ये लिहिले म्हणून वाया गेले’ हा निष्कर्ष लंगडा पडतो. चेक लेखाला जर्मन सारांश जोडलेला होता, आणि तो अठ्ठावीस वर्षांनी का होईना, अटलांटिकपलीकडे पोहोचला. उलट शोके आणि व्रोत्स्वाफची मंडळी यांनी जगभर वाचल्या जाणाऱ्या फ्रेंचमध्ये लिहिले. त्यांचेही शोध तितकेच अलक्षित राहिले. मराठीतून संशोधन लिहिणाऱ्यास या प्रकरणातून काही घ्यावयाचेच असेल, तर ते एवढेच की भाषेची मर्यादा एका चांगल्या सारांशाने बरीचशी ओलांडता येते. विषयांमधील भिंत ओलांडावयास तो पुरत नाही. वीजतज्ज्ञ, रस्त्यांचा अभ्यासक, वर्गीकरणकार आणि दूरध्वनीचा अभियंता यांनी एकमेकांची नियतकालिके चाळण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. तीन-चार नावांनी वावरणारी ही एकच वस्तू आहे, हे दाखविणारे समान नाव जेव्हा मिळाले, तेव्हाच हा इतिहासही लिहिता आला. ग्रॅहम व हेल यांनी तो १९८५ मध्ये सविस्तर लिहिला. बोरूव्का यांच्या दोन्ही लेखांचे इंग्रजी भाषांतर त्यानंतर, २००१ मध्ये, उपलब्ध झाले.

व्रोत्स्वाफच्या मंडळींनी केलेला उपयोग भाषाशास्त्राला सर्वांत जवळचा आहे. बिंदूंच्या जागी बोली आणि खर्चाच्या जागी बोलींमधील भेदाचे मोजमाप घेतले, तर लघुतम वृक्षातील सर्वांत लांब जोडण्या तोडीत गेल्यास बोलींचे गट आपोआप पडतात. गोवर आणि रॉस यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, निकटतम शेजाऱ्याच्या आधारे गट पाडण्याच्या प्रचलित सांख्यिकी पद्धतीत जी माहिती असते, ती सर्व या वृक्षात आलेली असते. परंतु हा वृक्ष निर्मूळ आहे, याचा विसर पडू देता कामा नये. दोन बोली त्यात शेजारी आल्या म्हणून एक दुसरीपासून निघाली असे ठरत नाही. उसनवारीने किंवा शेजाराने आलेले साम्यही त्याला वंशागत साम्याइतकेच ग्राह्य असते. श्लायखर यांच्या वृक्षाचा अर्थ या वृक्षाला देण्याची चूक संख्याशास्त्रीय बोलीअभ्यासात सहज होऊ शकते. क्रस्कल स्वतः पुढे भाषावर्गीकरणाकडे वळले, हा योगायोग येथे नोंदण्याजोगा आहे. इझिडोर डायेन व पॉल ब्लॅक यांच्यासह त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंडो-युरोपीय वर्गीकरणासाठी दोनशे शब्दांच्या याद्या जमविल्या होत्या, आणि त्यांत मराठीचीही यादी आहे. त्या ग्रंथातील पद्धत मात्र लघुतम वृक्षाची नव्हे.

या प्रश्नाच्या शेजारचे प्रश्न अगदी वेगळ्या स्वभावाचे निघाले. दिलेल्या गावांखेरीज मध्येच एखाद्या माळावर जोडबिंदू घेण्याची मुभा दिली की तार आणखी वाचते. यार्नीक यांनीच केस्लर यांच्यासह १९३४ मध्ये या प्रकाराचा विचार केला होता. तो आज श्टायनर यांच्या नावाने ओळखला जातो. क्रस्कल यांच्या लेखाच्या शीर्षकात आलेला फिरत्या विक्रेत्याचा प्रश्नही असाच : सर्व गावांना एकेकदा भेट देऊन परत यावयाचे आणि प्रवास कमीत कमी करावयाचा. वरवर पाहता दोन्ही प्रश्न लघुतम वृक्षाचे सख्खे भाऊ वाटतात. तथापि अदलाबदलीचा जो युक्तिवाद वर दिला आहे तो त्यांना लागू पडत नाही, आणि समोरचे स्वस्त घेत जाणारा येथे फसतो. १९७० नंतरच्या संशोधनाने हे दोन्ही प्रश्न ज्या वर्गात घातले आहेत, त्यातील एकाही प्रश्नाला सर्व प्रसंगी त्वरित चालणारी रीत आजवर सापडलेली नाही.

खुद्द लघुतम वृक्षाचे संशोधनही १९५९ नंतर थांबले नाही, आणि त्यात बोरूव्का यांची दीर्घकाळ मागे पडलेली रीत पुन्हा पुढे आली. त्यांच्या रीतीत प्रत्येक गाव आपली निवड इतरांवर अवलंबून न राहता करते. त्यामुळे अनेक यंत्रांना एकाच वेळी कामास लावावयाचे असेल तेथे ती विशेष सोयीची ठरते. कार्गर, क्लाइन व टार्जन यांनी १९९५ मध्ये, म्हणजे बोरूव्का यांच्या निधनाच्याच वर्षी, यादृच्छिक निवडीचा आधार घेऊन जी अतिशीघ्र रीत दिली तिच्या गाभ्याशी बोरूव्का यांची फेरी आहे. २००० साली शाझेल यांनी यादृच्छिकतेवाचून जवळजवळ तितकीच शीघ्र रीत सिद्ध केली. २००२ मध्ये पेटी व रामचंद्रन यांनी एक अशी रीत मांडली की, जोडण्यांच्या खर्चांची केवळ तुलना करून उत्तर काढणाऱ्या यादृच्छिकतारहित रीतींत तिच्याहून अधिक शीघ्र रीत, स्थिर गुणकाचा फरक सोडल्यास, असू शकत नाही. हे सिद्ध झाले आहे. मात्र त्या रीतीला नेमक्या किती कृती लागतात, याचे सूत्र अजून कोणास काढता आलेले नाही.